बर्फावर जायचंय? आधी आभाळाला विचारा

दिवाळी आटोपते, फराळाचे डबे रिकामे होतात आणि दिल्ली, गुडगाव, नोएडा, फरीदाबाद, गाझियाबादच्या घरांतून एक विषय हमखास निघतो, ‘यंदा बर्फात जायचं का?’ मुलांना आता नुसता बर्फ बघायचा नसतो. टीव्हीवर पाहिल्याप्रमाणे पायांना स्कीज बांधून उतारावरून घसरायचंही असतं. त्यातच पुण्या-नागपूरकडची नातेवाईक मंडळी नाताळात दिल्लीला यायची असतात. शाळा बंद असतात, ऑफिसातली रजा शिल्लक असते. मग कॅलेंडर बघून तारीख ठरते, हॉटेलचे पैसे भरले जातात आणि सगळे निघतात.

पोचल्यावर मात्र समोर सुकलेल्या गवताचा तपकिरी उतार असतो. सावलीच्या कोपऱ्यात मळकट बर्फाचा एखादा ढीग, त्यावर फोटोसाठी लागलेली रांग आणि भाड्याचे गमबूट घेऊन मागे लागलेली मुलं. किंवा अगदी उलट होतं. बर्फ एवढा पडतो की रस्ता बंद, वीज गेलेली, परतीचं विमान रद्द आणि हॉटेलच्या खोलीत दोन रात्री वाढलेल्या.

दोन्ही प्रकारांत लोक म्हणतात, ‘आमचं नशीबच खराब.’ पण हा सगळा नशिबाचा खेळ नाही. हिमालयातला बर्फ कधी येतो, कुठे टिकतो, त्यानंतर रस्ते कधी मोकळे होतात याचा एक क्रम आहे आणि तो घरबसल्या समजून घेता येतो. सहलीची तारीख आधी आणि हवामान नंतर, हा क्रम उलटा केला तर पैसे वाचतात, मुलांचा हिरमोड टळतो आणि कधी कधी जीवही वाचतो.

बर्फ येतो कुठून?

आपल्या महाराष्ट्रात पाऊस म्हटला की नैऋत्येचा मान्सून डोळ्यांसमोर येतो. हिमालयातल्या हिवाळी बर्फाचा मान्सूनशी संबंध नाही. तो येतो पश्चिमेकडून. भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातून कमी दाबाच्या प्रणाली निघतात. इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत त्या काश्मीरपर्यंत पोचतात. मराठी वर्तमानपत्रं त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात, हिंदी बातम्यांत तुम्ही ‘पश्चिमी विक्षोभ’ हा शब्द ऐकला असेल. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा झंझावात येतात. त्यांतले सगळेच जोरदार नसतात. काही नुसते ढग दाखवून निघून जातात.

दिल्लीकरांसाठी सोयीची गोष्ट अशी की या झंझावाताची चाहूल आपल्या गच्चीवरूनही लागते. आधी आकाशात उंचावरचे पातळ ढग येतात, रात्रीचा गारवा थोडा कमी होतो, वारा पूर्वेकडून वाहू लागतो. मग एखादा दिवस रिमझिम पाऊस पडतो. ढग पुढे सरकले की आकाश स्वच्छ होतं आणि वायव्येचा बोचरा वारा सुटतो. दिल्लीत पाऊस पडत असतो तेव्हा काश्मीरमध्ये बहुधा आदल्या दिवसापासूनच बर्फ सुरू झालेला असतो. मग क्रमाने हिमाचल आणि उत्तराखंडाची पाळी येते.

म्हणजे दिल्लीतल्या जानेवारीच्या पावसाने वाळत घातलेले कपडे भिजले तर कपाळाला आठ्या घालू नका. डोंगरात तुमच्या सहलीची तयारी सुरू झाली आहे असं समजा. मात्र लगेच गाडी काढू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

पडणं वेगळं, टिकणं वेगळं

मराठीत गोळ्यावरचा किस, फ्रिजमधले खडे आणि आकाशातून पडणारा कापूस, या सगळ्यांना आपण ‘बर्फ’ हा एकच शब्द वापरतो. त्यामुळे ‘बर्फ पडला’ अशी बातमी वाचली की आपल्याला वाटतं, झालं, आता घसरायला मोकळे. पण रात्री पडलेला बोटभर बर्फ दुपारच्या उन्हात विरून जातो. स्कीइंगसाठी बर्फाने पडून राहायला हवं, दबायला हवं, थरावर थर चढायला हवा.

बर्फ टिकतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली गोष्ट उंची. दर हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २१६ मीटरवर आहे. जानेवारीतल्या दुपारी इथे २० अंश तापमान असेल तर या ढोबळ हिशेबाने २,२०० मीटरवरच्या शिमल्यात ते सातच्या आसपास, २,६५० मीटरवरच्या गुलमर्गला चारच्या आसपास आणि गुलमर्गच्या वर, ३,९५० मीटरच्या सुमारास, अफरवतच्या रोपवे स्टेशनवर शून्याखाली चार अंश निघतं. गुलमर्ग बरंच उत्तरेला असल्याने प्रत्यक्षात तिथे याहूनही थंडी असते. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटरचं. यावरून या उंचीची कल्पना यावी.

इथेच एक गंमत आहे. झंझावात दमट असतो, पण तो नेहमीच पुरेसा थंड असतो असं नाही. हवेत ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असतं, त्याच्या साधारण दोन-तीनशे मीटर खालपर्यंत बर्फ पोचतो. त्याच्या खाली पाऊसच पडतो. म्हणून एकाच दिवशी शिमल्याच्या माल रोडवर छत्र्या उघडलेल्या असतात आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या, २,७०० मीटर उंचीच्या नारकंड्यात पांढरी चादर पसरलेली असते.

दुसरी गोष्ट उताराचं तोंड. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर दिवसभर ऊन येतं, तिथला बर्फ लवकर जातो. उत्तरेकडे तोंड असलेल्या आणि देवदारांच्या सावलीतल्या उतारावर तो आठवडेच्या आठवडे राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे रात्रीची थंडी. आकाश निरभ्र आणि रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली असेल तर दिवसा मऊ झालेला थर रात्री पुन्हा घट्ट होतो. ढगाळ, उबदार रात्री मात्र बर्फाच्या शत्रू.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. १० मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १० सेंटिमीटर ताजा बर्फ. तोही दोन-तीन दिवसांत दबून बराच कमी होतो. शिकाऊ माणसाला सपाट केलेल्या सौम्य उतारावर तीस-चाळीस सेंटिमीटर दबलेला बर्फ मिळाला तरी भागतं. वरच्या खडकाळ उतारांना मीटरभर आणि त्याहून जास्त थर लागतो. म्हणजे एका हलक्या बर्फवृष्टीवर स्कीइंग होत नाही. एकामागून एक दोन-तीन चांगले झंझावात येऊन जावे लागतात.

नाताळ की शिवरात्र?

काश्मिरी लोकांनी हिवाळ्याचे पूर्वापार तीन भाग केले आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-कलां’ म्हणजे मोठी थंडी, मग वीस दिवसांचा ‘चिल्ला-ए-खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्ला-ए-बच्चा’. ही गणती हवामानशास्त्राच्या पुस्तकातली नाही, पण अनुभवातून आलेली आहे. कडक थंडीत पडलेला बर्फ टिकतो आणि त्यावर फेब्रुवारीतला बर्फ साचतो, हे ती सांगते.

आपण जातो नेमके चिल्ला-ए-कलां सुरू होताना, नाताळच्या आठवड्यात. तेव्हा बर्फ मिळणारच नाही असं नाही, पण थर साचलेला असण्याची खात्री कमी. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ जास्त भरवशाचा. गुलमर्गच्या वरच्या उतारांवर आणि औलीला मार्चच्या सुरुवातीलाही संधी असते.

अलीकडच्या दोन हिवाळ्यांनी हा धडा चांगलाच गिरवून घेतला. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार चक्क कोरडे होते. बर्फ नसलेल्या गुलमर्गचे फोटो देशभर छापून आले. जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्फ आला आणि २१ फेब्रुवारीपासून तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. २०२५ मध्ये तर याच स्पर्धा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायच्या होत्या, पण पुरेसा बर्फ नसल्याने पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीच्या अखेरच्या झंझावाताने भरपूर बर्फ दिला आणि ९ ते १२ मार्च या काळात त्या झाल्या. सरकारी स्पर्धांना तारीख बदलावी लागते, तिथे आपलं नाताळचं आरक्षण बर्फाने का पाळावं?

अर्थात सगळ्यांना फेब्रुवारीत रजा मिळत नाही. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर तो विचारही नको. पण लहान मुलं असतील तर २६ जानेवारीला किंवा महाशिवरात्रीला लागून येणारा शनिवार-रविवार बघा. नाताळातच जायचं असेल तर घरात आधीच सांगून ठेवा, ‘आपण डोंगर बघायला चाललो आहोत. बर्फ मिळाला तर तो वरचा फायदा.’ अपेक्षा नीट ठेवली की सहल बिघडत नाही.

ठिकाण कसं निवडाल?

गुलमर्ग: उंची आणि थंडी या दोन्ही बाबतींत सर्वांत भरवशाचं. इथला गोंडोला, म्हणजे बंद पाळण्यांचा रोपवे, दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा अफरवतच्या कुशीत. घरच्या मंडळींनी आणि नवशिक्यांनी खालच्या सौम्य उतारावरच राहावं. वरचा भाग अनुभवी लोकांचा आहे. केंद्रीय पर्यटन खात्याची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था १९६८ पासून इथे आहे. जोराचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवला जातो, म्हणून अंदाज बघताना वाऱ्याचा वेगही बघावा.

औली: उत्तराखंडात जोशीमठच्या वर, साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर. समोर नंदादेवी दिसते. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा इथे झाल्या, त्या वेळी कृत्रिम बर्फ करणारी यंत्रंही बसवली गेली. पण ही यंत्रं हवा पुरेशी थंड असेल तरच चालतात, उबदार हिवाळ्यात त्यांचाही इलाज नसतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यानंतर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. तेव्हा रोपवे गृहीत धरू नका, गाडीरस्त्याचा हिशेब करा. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे. त्याला पूर्ण दिवस लागतो.

सोलंग: मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, सुमारे २,५०० मीटरवर. दिल्लीहून रात्रीच्या बसने जाता येतं म्हणून गर्दी भरपूर. उंची बेताची असल्याने इथे बर्फ असेल-नसेल हे दर आठवड्याला बदलतं. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेचे स्कीइंगचे वर्ग हिवाळ्यात इथे भरतात.

नारकंडा: शिमल्याच्या पुढे, शांत आणि छोटं. नवशिक्यांसाठी चांगलं, पण हंगाम तोकडा. बर्फ पडल्याची खात्री करून, आयत्या वेळी निघता येत असेल तर हे ठिकाण निवडा.

साधा नियम असा की तारीख पक्की असेल तर उंच ठिकाण घ्या. जवळचं आणि कमी उंचीचं ठिकाण हवं असेल तर तारीख मोकळी ठेवा. तारीखही पक्की आणि ठिकाणही कमी उंचीचं, असं केलं की सगळं दैवावर जातं.

अंदाज वाचायची रीत

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं. त्याचं मुख्यालय काही वर्षं शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं आणि लोकांनी त्या इमारतीला सिमला ऑफिस हे नाव देऊन टाकलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. आज लोधी रोडवरचं मौसम भवन हे त्याचं घर आहे. म्हणजे बर्फाचा अंदाज देणारं खातं शिमला, पुणं आणि दिल्ली, तिन्ही गावचं पाणी प्यालेलं आहे. त्याचा फायदा आपण घ्यायला हवा.

हवामान खात्याच्या संकेतस्थळावर आणि ‘मौसम’ ॲपवर अंदाज फुकट मिळतात. तो तीन पायऱ्यांनी वाचावा.

पहिली पायरी, निघण्याआधी दोन ते तीन आठवडे. खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतं. त्यातून एवढंच कळतं की वायव्य भारतात पाऊस-बर्फ सरासरीपेक्षा जास्त दिसतो की कमी. अमुक तारखेला गुलमर्गला बर्फ पडेल असं इतक्या आधी कुणीही सांगू शकत नाही. कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो माल विकतो आहे असं समजा.

दुसरी पायरी, निघण्याआधी पाच ते सात दिवस. आता श्रीनगर, शिमला किंवा डेहराडूनच्या हवामान केंद्राचा जिल्हावार अंदाज बघा. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं, औली चमोलीत, सोलंग कुल्लूत, नारकंडा शिमला जिल्ह्यात. नवा झंझावात कोणत्या दिवशी येणार आणि कधी निघून जाणार, हे टिपून ठेवा.

तिसरी पायरी, शेवटचे दोन दिवस. आता रंग बघा. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा, आणि सहलीला निघालेल्या कुटुंबासाठी कृती एकच, घरी थांबणं.

मोबाइलवर आपोआप दिसणाऱ्या तापमानाबाबत एक सावधगिरी. ते पुष्कळदा जवळच्या गावाचं किंवा दरीतलं असतं, उताराचं नसतं. जोशीमठचं तापमान म्हणजे औलीचं नव्हे आणि श्रीनगरचं म्हणजे गुलमर्गचं नव्हे. ते कोणत्या उंचीचं आहे हे बघून वरचा साडेसहा अंशांचा हिशेब लावावा.

आणि हॉटेलवाल्याला ‘बर्फ आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी ‘आहे ना साहेब’ असंच येणार. त्याऐवजी नेमकं विचारा. शेवटचा बर्फ कोणत्या तारखेला पडला? शिकाऊ उतारावर किती इंच आहे? लिफ्ट काल चालू होती का? गाडी दारापर्यंत येते का? आजचा फोटो पाठवता का? पाच नेमक्या प्रश्नांतून खरं चित्र कळतं.

पायाखालचा बर्फ ओळखा

बर्फवृष्टीनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा थंड, कोरडा बर्फ पिठीसाखरेसारखा भुसभुशीत असतो. मुठीत धरला तर गोळा होत नाही. जाणकार याच बर्फासाठी जीव टाकतात, पण नवशिक्याचे पाय त्यात रुततात. यंत्राने दाबून सपाट केलेला बर्फ शिकायला सर्वांत चांगला.

उन्हाने वितळून रात्री पुन्हा गोठलेला थर सकाळी काचेसारखा असतो. त्यावर पडलं तर मनगट आणि कंबर दोन्ही दुखावतात. तोच थर अकराच्या सुमारास वरून मऊ होतो आणि दुपारनंतर त्याचा ओला गाळ बनतो. गाळात स्कीज अडकतात आणि गुडघे मुरगळतात. म्हणून फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये गेलात तर मुलांचा वर्ग साधारण दहा ते एकच्या दरम्यान ठेवा. थकल्यावर ‘शेवटची एक फेरी’ घेण्याचा मोह तर कोणत्याही महिन्यात टाळा. पाय दमलेले असताना आणि प्रकाश उतरलेला असताना पडण्याचा धोका जास्त असतो.

रस्ता आणि धुकं

दिल्लीत पाऊस पडला की लगेच गाडी काढू नका, असं वर म्हटलं त्याचं कारण आता पाहू. झंझावात चालू असताना घाट बंद होतात, श्रीनगरची विमानं रद्द होतात. तो ओसरल्यावर रस्ते साफ करायला एक-दोन दिवस लागतात. त्याच वेळी इकडे सपाटीवर ओली जमीन, निरभ्र रात्र आणि थांबलेला वारा यांमुळे दाट धुकं उतरतं. म्हणजे डोंगरावर उत्तम दिवस आणि दिल्लीत गाड्या-विमानांचा खोळंबा, हे दोन्ही बरोबरच येतात.

यावर उपाय आहे. धुकं पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत सर्वांत दाट असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत विमान घ्यायचं तर दुपारचं घ्या. स्वतःची गाडी असेल तर रात्री महामार्गावर निघू नका. ऊन पडल्यावर निघा आणि वाटेत एक मुक्काम ठेवा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू झाली आहे. महामार्ग बंद पडण्याची भीती असेल तेव्हा तो पर्याय लक्षात असू द्या.

तनमर्गहून गुलमर्गला वर जाताना ताज्या बर्फात साध्या गाड्यांना सोडत नाहीत. चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या स्थानिक गाडीने जावं लागतं. त्याचे पैसे आणि वेळ आधीच धरा. घाटात सावलीच्या वळणांवर पाणी गोठून न दिसणारा थर बसतो, तो सकाळी आणि संध्याकाळी जास्त धोक्याचा. दिल्लीत सफाईने गाडी चालवणाऱ्याने इथे स्थानिक चालकाच्या हाती चाक द्यावं, यात कमीपणा नाही.

थोडक्यात, झंझावात निघून गेल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचावं आणि पुढचा येण्याआधी उतरावं. मधली तीन-चार स्वच्छ उन्हाची दिवसं ही तुमची सहल.

जिथे थट्टा संपते

ज्या बर्फाने मार्च २०२५ मधल्या गुलमर्गच्या स्पर्धा वाचवल्या, तो आणणाऱ्या झंझावातातच २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा गावी रस्तेबांधणीच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. पन्नासहून अधिक माणसं त्यात सापडली आणि आठ जण दगावले. एकाच ढगाने एकीकडे आनंद दिला, दुसरीकडे जीव घेतले. गुलमर्गच्या अफरवतवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक परदेशी स्कीपटू आखलेल्या उतारांबाहेर हिमस्खलनात मृत्युमुखी पडले.

हिमस्खलन बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतं. जोरदार बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि अचानक ऊब वाढलेले दिवस सर्वांत धोक्याचे. संरक्षण खात्याची चंदीगडची डीजीआरई ही संस्था जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते आणि स्थानिक प्रशासन ते जाहीर करतं. इशारा असेल तर वरच्या उतारांवर जायचं नाही. दोरी लावून किंवा झेंडे रोवून जो भाग आखला आहे, त्याच्या बाहेर एक पाऊलही नाही. ‘तिकडे कोणीच गेलं नाही, बर्फ किती कोरा आहे,’ असं मुलं म्हणतील. तिकडे कोणी का गेलं नाही, हे त्यांना तिथेच समजावून सांगा.

दुसरा धोका गाडीतला. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या हजारो गाड्या रस्त्यातच अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं मरण पावली. त्यांत लहान मुलं होती. काही जण थंडीने, तर काही बंद गाडीत साचलेल्या विषारी वायूने गेले असं सांगण्यात आलं. गाडी बर्फात अडकली आणि मागची धुराची नळी बर्फाने बुजली, तर इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेत जातो. असा प्रसंग आलाच तर आधी नळीभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा वेळच चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा आणि सगळे एकदम झोपू नका.

हाच वायू खोलीतल्या शेगडीतूनही येतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपल्याने दर हिवाळ्यात उत्तर भारतात माणसं दगावतात. हॉटेलने शेगडी दिली तर झोपण्याआधी ती बाहेर ठेवा आणि वर कपाटातून आणखी एक रजई मागा.

अंगावर काय, पिशवीत काय

थर्मामीटरवरचा आकडा अर्धंच सांगतो. शून्याखाली पाच अंश असताना ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या त्वचेला ते उणे तेरासारखं लागतं. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा तीन थर बरे. आत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये लोकरीचा, वर वारा आणि पाणी अडवणारा. सुती बनियन-मोजे ओले झाले की अंगातली ऊब खेचून घेतात. मुलांसाठी हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक तासाभरात भिजणारच.

ऊन हा बर्फातला छुपा शत्रू. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गॉगल घातला नाही तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरतं. आकाश ढगाळ असलं तरी गॉगल आणि सनस्क्रीन दोन्ही हवेतच. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण इथे ऊन खालूनही येतं.

स्कीज आणि बूट तिथेच भाड्याने मिळतात. बूट पायाला नीट बसतो की नाही हे मात्र दोन पैसे वाचवण्यासाठी दुर्लक्षू नका. विमा काढताना त्यात साहसी खेळ धरलेले आहेत का हे वाचा, पुष्कळ साध्या पॉलिसींत ते वगळलेले असतात. रोजची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पैशांचं नियोजन करतानाच दोन दिवस मोकळे आणि थोडी रक्कम बुडीत धरा. आरक्षण तारीख बदलता येईल असं घ्या, मग ते थोडं महाग का पडेना. कारण लाल इशारा आलेला असताना ‘आता पैसे भरलेत ना, जाऊनच येऊ’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि पुढचे बरेच अपघात त्या वाक्यापासूनच सुरू होतात. घरातल्या एका व्यक्तीला, मग ती आई असो, आजी असो की कॉलेजात जाणारी मुलगी, शेवटच्या दोन दिवसांचा अंदाज बघायचं काम द्या आणि तिने ‘नको’ म्हटलं तर सगळ्यांनी ऐकायचं, असं आधीच ठरवून टाका. डोंगर कुठे जात नाही. पुढचा झंझावात आठवड्याभरात येईल, नाहीतर फेब्रुवारी आहेच.